परेडच्या दिवशीची रिकामी खुर्ची

आम्ही सहा माणसं एका खोलीत राहायचो. वडील बंगळूरच्या चिकपेटेत एका टेलरकडे मशीनवर बसायचे आणि आई घरी लोकांच्या साड्यांना फॉल लावायची. परक्याच्या साडीवर आमटीचा थेंब पडू नये म्हणून आम्ही भावंडं ताटं घेऊन उंबऱ्याबाहेर जेवायला बसायचो, पाऊस असला तरी. अशा घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी. हे मी अजूनही न लाजता सांगतो. बी. ए.ला गुन्हेगारीशास्त्राचा पेपर घेतला, त्यात वर्गात पहिला आलो, आणि पुढे पोलिसात लागलो. ठाण्यात माझं नाव पडलं ‘प्रोफेसर’. ते कौतुकाने ठेवलेलं नव्हतं.

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता धूसर झाल्या. ही मात्र तपशिलासकट लक्षात आहे, कारण हिच्यात मीच चुकायच्या बेतात होतो.

मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. आमच्या हद्दीतल्या साड्यांच्या घाऊक बाजारातून तीन महिन्यांत तीन वेळा रेशमी साड्यांचे गठ्ठे गेले. भर दिवसा, अकरा-साडेअकराला, गल्लीत पाय ठेवायला जागा नसताना. कॅमेरे होते, पण त्यांच्यासमोर दुकानदारांनीच साड्या टांगलेल्या. तिसऱ्या चोरीनंतर व्यापारी मंडळी एसीपी साहेबांकडे गेली. साहेबांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, “आठ दिवसांत माणूस पाहिजे.”

दुसऱ्याच दिवशी एका दुकानातल्या सेल्समनने टिप दिली. शीट असलेला एक इसम गल्लीत साड्यांचे गठ्ठे खांद्यावर घेऊन फिरताना त्याने अनेकदा पाहिला होता.

शीट म्हणजे रावडी शीट. ज्याच्यावर मारामारी-दमदाटीच्या केसेस असतात, त्याच्या नावाने ठाण्यात हा कागद उघडतात. उघडायला एक सही लागते. बंद व्हायला माणसाचे केस पिकतात. शीट असलेल्यांना अधूनमधून ठाण्याच्या आवारात हजर करून दम द्यायचा, त्याला आम्ही परेड म्हणतो.

टिपमधला इसम पंचेचाळिशीचा होता. विशीत मारामारीच्या दोन केसेस आणि चोरीची एक. त्यानंतर काही नाही. राजाजीनगरात नवरा-बायको साड्यांना रोल-प्रेस, म्हणजे रोलरखालून इस्त्री, करायचं छोटं दुकान चालवत होते. शीट बंद व्हावं म्हणून त्याने तीन अर्ज केले होते, आणि शेवटचा त्याच वेळी साहेबांच्या टेबलावर होता. या केसमध्ये त्याचं नाव गेलं असतं तर तो अर्ज कायमचा बाद होता.

मी त्याला आणवला. सकाळपासून बाकावर बसवून ठेवला. पुस्तकात काय वाचलं होतं ते त्या वेळी एकदाही आठवलं नाही. मनात एकच होतं, जुना आहे, हाच असणार.

“गठ्ठे कुठले?”

“प्रेसचे, सार. दुकानवाले देतात. मी नेतो, प्रेस करून परत आणतो.”

“चोरीच्या दिवशी कुठे होतास?”

“कुठल्या दिवशी, सार?”

मी तीन तारखा सांगितल्या. तो जमिनीकडे बघत राहिला. “तारखा नाही आठवत, सार. रोज सारखाच दिवस.”

माझे हेड कॉन्स्टेबल बाजूला उभे होते. तीस वर्षं नोकरी झालेला माणूस, कन्नडात बोलायचे आणि बोलणं कायम मिरचीला घासून आणलेलं. “निरपराध माणूस झटकन उत्तर देतो, सार,” ते म्हणाले. “हा बघा, कसा विचार करतोय.”

मी मान हलवली. आज विचाराल तर सांगतो, उलट आहे. खोटं बोलणारा तारीख तयार ठेवून येतो. सरळ माणसाला गेल्या महिन्यातला मंगळवार आठवत नाही. तुम्हालाही आठवणार नाही.

चोरीच्या तारखा विचारतायत हे कुणाकडून तरी कळून दुपारी त्याची बायको आली. हातात कापडी पिशवी. दारातल्या शिपायाशी कन्नडात बोलली, पण टेबलावरची माझ्या नावाची पाटी वाचली आणि एकदम मराठीवर आली.

“अण्णा, तुम्ही आपल्यातले दिसता. स्वल्प बघता का हे?”

“आपल्यातलं-परक्यातलं इथे काही नसतं, अक्का. बोला.”

तिने पिशवीतून भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. काही तारखांभोवती लाल पेनाने गोल केले होते.

“तुम्ही यांना परेडला बोलावता ना, त्या दिवशी प्रेसला मी एकटी. गिऱ्हाईकाची साडी लेट होते. एक वकीलबाई तर साडीसाठी मला जेलात घालायला निघालेली. म्हणून गोल करून ठेवते, कुणी भांडायला आलं तर दाखवायला.” मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, “आणि हे बघा आमचे शहाणे. लग्नाची तारीख आठवत नाही, यांना चोरीची कशी आठवायची?”

तो बाकावरून पुटपुटला, “गप बस ग जरा.”

“तुम्ही गप बसलात म्हणूनच मला यावं लागलं.”

मी तिन्ही तारखा पाहिल्या. तिन्हींवर लाल गोल.

परेडचं रजिस्टर मागवलं. परेडची तारीख वरून ऐनवेळी येते, तिची नोंद वेगळ्या वहीत, चोरीची फिर्याद वेगळ्या. दोन्ही शेजारी ठेवून पाहायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्याही नाही. तिन्ही दिवशी दहा ते एक या वेळात तो आमच्या आवारात उभा होता. त्याची सही होती, वेळ होती, शेजारी आमच्याच माणसाची सही. वर त्यातल्या दोन परेडना मी स्वतः अर्धा तास भाषण ठोकलं होतं. त्या वेळात तिकडे गठ्ठे जात होते.

मी त्याला घरी जायला सांगितलं. तो उठेना. त्याला वाटलं, ही काहीतरी नवीन युक्ती आहे. शेवटी बायकोने दंडाला धरून उठवला.

ते गेल्यावर हेड कॉन्स्टेबलना विचारलं, “परेडच्या दिवशीच चोरी का होते?”

ते म्हणाले, “त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी आपला माणूस नसतो, सार. सगळ्यांना घरोघरून गोळा करायला गस्तीवरची बीटचीच माणसं जातात. पॉइंटवर नुसती खुर्ची असते.”

तेव्हा पेपर आठवला. गुन्हा कुठून येतो, याला एक उत्तर असं की तो माणसात असतो. मग माणसावर शिक्का मारा, नजर ठेवा, शिक्षा वाढवा. आमची शीटं आणि परेड याच उत्तरावर उभी आहेत. दुसरं उत्तर असं की मोहात पडलेला माणूस, हाताला येणारा माल आणि कुणाचं लक्ष नसणं, हे तिन्ही एका जागी आले की गुन्हा होतो. परेडसाठी खुर्ची रिकामी करून, पहिल्या उत्तरापायी आम्ही दुसऱ्याची सोय करून देत होतो.

एसीपी साहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “प्रोफेसर, व्यापाऱ्यांना मी थिअरी देऊ?”

“पुढची परेड नेहमीसारखी घ्या, सर. खुर्ची रिकामी ठेवू. फक्त गल्लीत आपली माणसं साध्या कपड्यांत राहतील.”

“आणि काही झालं नाही तर?”

“तर मला बोला.”

“ते बोलेनच,” साहेब म्हणाले. “सरी, ठीक आहे, करा.”

पुढच्या परेडच्या दिवशी दोन महिला कॉन्स्टेबल गिऱ्हाईक बनून गल्लीत गेल्या. साडेदहा वाजले, अकरा वाजले. मी आवारात रजिस्टर समोर धरून उभा होतो, पण लक्ष सगळं फोनकडे. समोरच्या रांगेत तो प्रेसवालाही होता. आज तिकडे काय चाललंय ते त्याला माहीत नव्हतं. अकरा वीसला फोन वाजला.

“सापडला, सार. गठ्ठ्यासकट.”

मी शेजारच्या पायरीवर बसलोच.

पकडलेला माणूस पाहून ठाणं चाट पडलं. तिशीतला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. कपड्याच्या एका एजंटाकडे कारकून. त्याच्यावर साधी तक्रारही नव्हती. गळ्यात पट्टा असलेला माणूस गठ्ठा घेऊन चालला की त्याला कोण अडवणार? चौकशीला अर्धा तासही लागला नाही. यशवंतपूरच्या भाड्याच्या खोलीतून आधीच्या तिन्ही वेळचे गठ्ठे बरेचसे परत मिळाले.

“परेडचा दिवस तुला कोण सांगायचं?” मी विचारलं.

तो गोंधळला. “कसली परेड, सार? पोलिसाची खुर्ची रिकामी दिसली की घ्यायचो. पोलीस बसलेला असला की सरळ पुढे जायचो.”

“पकडला गेलास तर किती वर्षांची शिक्षा आहे, माहीत होतं?”

“नाही, सार.”

व्यापारी कडक शिक्षेची मागणी करत होते. शिक्षा कोर्टाने द्यायची ती दिलीच. पण चोराला कायद्यातली वर्षं माहीत नव्हती, त्याला अडवायला खुर्चीत बसलेला एक पोलीस पुरेसा होता, हे मी त्याच्याच तोंडून ऐकलं. कॉलेजात शिकलेलं खोटं नव्हतं. फक्त खाकी घातल्यावर मी ते घडी करून ठेवून दिलं होतं, आणि एका बाईच्या लाल पेनाने ते मला परत उलगडून दिलं. तिने ते कॅलेंडर आणलं नसतं तर मी त्या माणसाला आत टाकलं असतं आणि पुढच्या परेडला गठ्ठा पुन्हा गेला असता. ही गोष्ट सांगताना आजही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटतं.

साहेबांनी दोन हुकूम काढले. एक, बीटच्या माणसाला परेडसाठी हलवायचं नाही. दुसरा, ज्यांच्यावर वर्षानुवर्षं काही नाही, त्यांची शीटं तपासायला घ्यायची. प्रेसवाल्याचा अर्ज ढिगात सगळ्यात वर ठेवला तो हेड कॉन्स्टेबलनी, न सांगता. मी पाहिलं तर म्हणाले, “पंखा जोरात आहे, सार. उडून वर आला असेल.”

त्याचं शीट बंद झालं. पुढच्या वर्षअखेरीला मी बायकोच्या साड्या द्यायच्या निमित्ताने त्यांच्या दुकानात गेलो आणि भिंतीवरचं कॅलेंडर जानेवारीपासून चाळून पाहिलं. त्यावर एकही लाल गोल नव्हता.