केसभर हललेला लाल

बाप्टिस्ट डाबरे वसईचा. शारजात आमच्या प्रेसमध्ये तो ट्रेडल या जुन्या छपाई मशीनवर होता, मी कटिंग मशीनवर. बाकी छपाई ऑफसेटवर गेली होती. ट्रेडल लग्नपत्रिकांपुरतं उरलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या ऑगस्टात एका गिऱ्हाइकाने सोळा पानांचं पुस्तक हाताने शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापायला दिलं. जाड सुती कागद, दीडशे प्रती. मजकूर काळा, प्रत्येक पानाचं पहिलं अक्षर लाल. शेवटी छापणाऱ्याचं नाव घालायचं, ही अट गिऱ्हाइकाचीच. बत्तीस वर्षं छपाई करून बाप्टिस्टचं नाव कुठेच छापून आलं नव्हतं.

गुरुवारी शेवटचं नाव सोडून काळा रंग पुरा झाला. निघताना तो मॅनेजर तय्यबला म्हणाला, "सुट्टीत एसी चालू ठेवा. कागद दमट हवा पितो."

"आदमी छुट्टी पर, और एसी कागज के लिए?" तय्यब हसला. शुक्रवारी एसी बंद राहिला.

शनिवारी लाल चढवला. अक्षर काळ्या ओळीला घासत होतं. केसभर. तीन ताव बघून बाप्टिस्टने मशीन थांबवलं.

"कागद फुगलाय. दोन दिवस एसीत सुकू दे, जागेवर येईल."

"सोमवार को डिलिव्हरी है. चलता है. यल्ला, चलाओ."

"माझं नाव जाणार त्यावर. मी नाही चालवणार."

"व्हिसा कॅन्सल करूंगा."

"करा."

तय्यब माझ्याकडे वळला. "अरुण, तू मशीन चला." मला ट्रेडल येत होतं. मी पातं पुसत राहिलो. "मला फक्त कापता येतं. कापू?"

"ठीक है. इसका नाम निकाल देंगे."

"काढा. पण गिऱ्हाइकाला नाव पाहिजे." बाप्टिस्टने खणातून खिळे उचलले, तय्यबचं नाव जुळवलं आणि त्याच्यासमोर धरलं. "हे घालतो. मग केसभर काय, बोटभर हलला तरी चालवतो."

तय्यबने नाव पाहिलं. मग एक ताव उचलून खिडकीपाशी नेला. लाल अक्षरावरून बोट फिरवलं.

"दो दिन," तो म्हणाला. "खलास."

सोमवारी लाल बसला. शेवटच्या पानावर बाप्टिस्टचंच नाव छापलं गेलं. बाप्टिस्टने एकेक ताव तपासला. अकरा नापास केले आणि तय्यबच्या टेबलावर नेऊन ठेवले.

डिसेंबरात कंपनीने त्याचा व्हिसा वाढवला नाही. मी विचारलं, "पस्तावलास?"

"कशाला? आता ते नाव कोण कॅन्सल करतो बघू."