पांढरी पेटी

सिंगापुरातल्या मराठी माणसाला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाबद्दल मत विचारू नये. त्याला आधी विचारावं, तुमच्या व्हिसाचं काय झालं? मत त्यातच कळतं. हे मला आमच्या वाचनकट्ट्यावर कळलं.

आमचा कट्टा महिन्यातल्या एका रविवारी दुपारी बिशान भागातल्या एका काँडोतल्या, म्हणजे खासगी सोसायटीतल्या, फंक्शन रूममध्ये भरतो. तिथे राहतात आमचे संपादक. मूळ पुण्याचे, आयटीत मॅनेजर, आणि इथल्या आम्हा मंडळींचा दिवाळी अंक तेच काढतात. अंक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी पीडीएफ. निम्मी पानं मुलांच्या चित्रांना आणि पनीरच्या पाककृतींना जातात, काही पानं प्रायोजकांच्या फोटोंना, आणि उरलीच जागा तर साहित्य.

यंदा त्यांनी जाहीर केलं की खास विभाग गूढकथांचा. मी खूश झाले. मी ज्या दिवाळी अंकांवर वाढले, त्यांत फराळ संपल्यावर दुपारी लोळून वाचायच्या काळ्याकुट्ट कथा असत. भूत त्यात क्वचितच यायचं. सोसायटीतली, ऑफिसातली साधी माणसं असत, आणि शेवटच्या परिच्छेदात ती असं काहीतरी करून बसत की हातातली चकली हातातच राहायची. लेखक कुणाला सुधारत नसे आणि वाचकाची समजूतही काढत नसे. मला ती रीत फार आवडते. संपादकांच्या लेखी गूढकथा म्हणजे पडका बंगला, रडणारं कुत्रं आणि शेवटी एक संदेश. "ताई, डार्क असू द्या, पण एंडिंगला जरा होप हवी हं," असं त्यांनी मला बजावलं. मी हो म्हटलं आणि मनात त्यांना हात जोडले.

कथेला विषय मात्र त्यांनीच पुरवला. आदल्या बैठकीत वाचन लवकर आटपलं आणि चर्चा निघाली की अमुक राष्ट्राध्यक्षाला इतिहास कुठे बसवणार. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की लोक कथा सोडून त्यावरच भांडतात. संपादकांच्या कंपनीने त्यांना अमेरिकेतल्या ऑफिसात पाठवायचं ठरवलं होतं आणि कागदपत्रं तिकडे गेली होती, त्यामुळे ते त्या दिवशी भलतेच उदार होते. "माणूस उद्धट असेल, पण निर्णय घेतो ना. माणसं मेली म्हणता, पण कुणाच्या राज्यात मरत नाहीत? बघा, पुढे पुतळे उभारतील त्याचे." समोरच्या माना डोलत होत्या. कुणाचा भाऊ तिकडे होता, कुणाचा जावई. माझ्याही मुलीला तिथल्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता आणि व्हिसाची मुलाखत व्हायची होती. मी बटाटेवडा खात गप्प बसले. आतून मात्र चडफडत होते. मेलेल्या माणसांचा हिशेब ही मंडळी चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकत होती.

घरी सेंगकांगला आले आणि कथा लिहायला बसले. नवरा बोटीवर होता, मुलगी तिच्या खोलीत, लिहायला आडकाठी नव्हती. कथा अशी. एका बलाढ्य देशाचा राष्ट्राध्यक्ष मरतो. त्याला इतिहासात जागा कोणती द्यायची हे ठरवायला गावोगावी दोन पेट्या ठेवतात. मान द्यायचा असेल त्याने पांढऱ्या पेटीत खडा टाकायचा, धिक्कार करायचा असेल त्याने काळ्यात. रांगेत एक म्हातारी उभी आहे. तिचा मुलगा त्या राष्ट्राध्यक्षाच्या युद्धात मेलेला. दारातला कारकून प्रत्येकाला अगदी अदबीने सांगतो, पांढऱ्यात टाकणाऱ्यांच्या घरचे अर्ज जरा लवकर हलतात. म्हातारीच्या नातवाला त्याच देशात शिकायला जायचं असतं. ती पेटीसमोर बराच वेळ थांबते, "माझ्यासाठी नाही, पोरासाठी," असं पुटपुटते आणि पांढऱ्या पेटीत खडा टाकते. घरी नातू विचारतो, काय झालं? ती म्हणते, काही नाही, गर्दी होती. आणि त्याला भात वाढते. संपली कथा.

संपादकांचा फोन आला. "ताई, काय लिहिलंय! शेवट तर एकदम पॉझिटिव्ह. म्हातारीने क्षमा केली. फर्गिव्हनेस!" गणितात पैकीच्या पैकी मिळवून आलेला हा माणूस कारकुनाचं वाक्य वाचून सरळ पुढे गेला होता. त्या बाईने आपला मुलगा विकला होता आणि यांना त्यात क्षमा दिसली. मी काही समजावलं नाही. कथा जशीच्या तशी छापली जात होती, तेवढं मला पुरे होतं.

मग त्यांचा व्हिसा नाकारला गेला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन. आवाज पडलेला, पण तोरा कायम. "ताई, शेवट बदलावा लागेल. तो माणूस माफीच्या लायकीचा नाही. किती घरं उद्ध्वस्त केली त्याने. म्हातारीला काळ्या पेटीत टाकू दे." ती घरं त्यांच्या कागदपत्रांवर शिक्का बसेपर्यंत कुठे होती, हे विचारायची मला फार उबळ आली. मी एवढंच म्हटलं, "शेवट बदलणार नाही. तसाच वाचीन."

आणि वाचली. त्या रविवारी खिचडीच्या लोभाने मुलगीही आली होती आणि मागे खुर्चीत फोन घेऊन बसली होती. तिचं मराठी घरापुरतं, बाकी सगळं 'ला' लावलेलं सिंगापुरी इंग्रजी, मी म्हटलं ऐकते आहे कुठे. वाचून झालं तेव्हा क्षणभर खोलीत फक्त एसीचा आवाज होता. वाटलं, पोचली.

संपादक उठले. "कथा छान आहे, पण एंडिंगबद्दल मतभेद आहेत. आपण डेमोक्रॅटिक पद्धतीने ठरवू. ग्रुपवर पोल टाकलाय. म्हातारीने कुठल्या पेटीत टाकावं? पांढरी की काळी?"

आणि सगळ्यांनी खिशातून फोन काढले! मी समोर उभी, हातात कागद, आणि माझ्या म्हातारीचं काय करायचं ते ही माणसं अंगठ्याने ठरवत होती. काळी पेटी भरभरून जिंकली. जिंकणारच होती. फंक्शन रूमच्या दारात कुठलाही कारकून उभा नव्हता. कुणाचाही अर्ज अडणार नव्हता. महिन्यापूर्वी पुतळ्याला माना डोलावणारी मंडळी आता एकमेकांकडे समाधानाने बघत होती. एक बाई मला म्हणाल्या, "आता कशी न्याय मिळाल्यासारखी वाटते कथा." मी कागद पिशवीत कोंबले आणि सांगितलं, कथा छापू नका. संपादक म्हणाले, "ताई, पर्सनली घेऊ नका." खिचडी न खाताच मी निघाले. मुलगी नाइलाजाने मागोमाग.

मेट्रोत मी सेरांगून स्टेशनपर्यंत त्या सगळ्यांचा उद्धार केला. ढोंगी, लाचार, पाठीला कणा नसलेले, कथा वाचायची अक्कल नाही ती नाहीच. गाडी बदलली तरी माझं चालूच होतं. मुलगी ऐकत होती. मग म्हणाली, "आई, शी सोल्ड हिम, राइट? ती म्हातारी. तिच्या मुलाला."

मी थांबले. एवढ्या मोठ्या खोलीत, एवढ्या मराठी माणसांत, ती कथा फक्त हिला कळली होती. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मी म्हटलं, "हो गं. हो."

"माझा इंटरव्ह्यू आहे ना," ती म्हणाली. "इफ दॅट क्लार्क आस्क यू. माझ्यासाठी. तू कुठल्या बॉक्समध्ये टाकशील?"

हौगांग स्टेशन गेलं. समोर एक बाई भाजीची पिशवी पायाशी धरून पेंगत होती. खोटं बोलता आलं असतं, पण ही पोर आता कथा नीट ऐकते हे मला कळलं होतं.

"पांढऱ्यात," मी म्हटलं.

"आय नो," ती म्हणाली. तिला नवल वाटलं नव्हतं, रागही आला नव्हता. "मग अंकलला एवढं कशाला स्कोल्ड करतेस, ला?"

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तो स्वतःसाठी करतो, मी तुझ्यासाठी करीन, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. "माझ्यासाठी नाही," एवढं मी बोललेही. पुढचे शब्द तोंडात आले तेव्हा ध्यानात आलं की ते पिशवीतल्या कागदांवर आधीच आहेत, पेटीसमोर थांबलेल्या त्या बाईच्या तोंडी, माझ्याच अक्षरात.