कोपरापर्यंत हात

माझं काम काय आहे, हे मी बाबांना एकदाच समजावून सांगितलं आणि अजून त्याची फळं भोगते आहे.

बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. हंगामात पहाटेपासून बंड्यांची, म्हणजे कापसाने भरलेल्या बैलगाड्यांची, रांग लागायची आणि कुठल्या बंडीतला कापूस कुठल्या प्रतीचा, हे बाबा ठरवायचे. वर पांढराशुभ्र आणि खाली ओला किंवा कवडी, म्हणजे डागाळून पिवळा पडलेला, ही युक्ती साऱ्या जिल्ह्याला पाठ होती. म्हणून बाबा बाही वर सारून कोपरापर्यंत हात आत घालायचे आणि तळातला मूठभर कापूस ओढून काढायचे. पास झालेली बंडी गंजीवर, म्हणजे केंद्रावरच्या कापसाच्या मोठ्या ढिगावर, रिकामी व्हायची आणि त्यात ओला कापूस दबला की गंजी आतून तापायची. आता ते ऐंशीला टेकलेत, एका डोळ्याने फारसं दिसत नाही, पण सवय काही सुटली नाही. यवतमाळच्या भाजीबाजारात वांग्यांच्या ढिगात ते तसाच हात खुपसतात. भाजीवाली ओरडते, "बाबाजी, काहून उलथून राह्यले सारं?" आणि मान खाली घालून मी जास्तीची अर्धा किलो वांगी घेते.

मी कम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर काम करते, तिच्या अगदी पोटातल्या भागावर. त्याला कर्नल म्हणतात. जगभरातून लोक त्याच्या कोडमध्ये बदल सुचवतात. मी ते घरी बसून वाचते, चुका दाखवते आणि बदल बरोबर वाटला की त्याखाली 'तपासलं' अशी एक ओळ आणि माझं नाव लिहिते. ते नाव त्या बदलाबरोबर कायमचं राहतं. हे ऐकून बाबा म्हणाले होते, "म्हणजे तू बी ग्रेडरच की वं." तेव्हापासून रोज संध्याकाळी चहाच्या वेळी एकच प्रश्न येतो, "आज किती बंड्या पास केल्या?"

माझ्या वाट्याला मेमरीचा भाग आला आहे. मेमरीचे सारख्या आकाराचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना पानं म्हणतात. आतला मजकूर जागचा हलू नये म्हणून कुलूप लावायचं तर अख्ख्या पानाला लावावं लागतं, अर्ध्याला लावता येत नाही. कुणी पानाच्या मधूनच सुरू होणाऱ्या जागेला कुलूप मागितलं, तर सुरुवात मागे सरकवून पानाच्या कडेला आणायची आणि शेवट पुढे नेऊन कडेला आणायचा. एवढंच. दहा वर्षं मी कडा पाहते आहे. आता मला घरातल्या फरशीच्या रेघाही नकोशा वाटतात.

त्या आठवड्यात एका नवख्या मुलीने पाठवलेला बदल सातव्यांदा आला होता. ती कुठल्याशा लांबच्या देशातली, आमची ओळख फक्त पत्रांची. सहा वेळा मी तिला पानभर चुका लिहून पाठवल्या आणि सहा वेळा तिने आभार मानून त्या दुरुस्त केल्या. तिचा राग यावा असं तिने काहीच केलं नव्हतं, तरी मला यायचा. तेच ते सांगून, तोच तो गोड सूर लावून जीव विटला होता. स्क्रीनवर फक्त बदललेल्या ओळी दिसतात आणि त्यांच्या वरखालच्या तीन-तीन. बाकीचं आपण उघडून पाहायचं असतं. मी पाहिलं नाही. दिसल्या तेवढ्या ओळी चांगल्या होत्या, म्हणून नाव लिहून मोकळी झाले. तिचं लगेच उत्तर आलं. हे तिचं स्वीकारलं गेलेलं पहिलंच काम, घरी सगळ्यांना सांगितलंय म्हणाली.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "किती बंड्या?"

"एकच."

"हात घालून पाह्यला काय?"

"हो बाबा."

मी खोटं बोलले. पन्नाशीला आलेल्या बाईने चहाच्या कपासमोर वडिलांशी खोटं बोलावं, याची मला फार लाज वाटली.

दोन दिवस मी ती फाईल टाळली. तिसऱ्या दिवशी दुपारी उघडली. मुलीने सुरुवात मागे सरकवली होती, पण जितकी सरकवली तितकी लांबी वाढवायला हवी होती, आणि लांबीचा हिशोब वीस ओळी खाली, न बदललेल्या, म्हणून न दिसलेल्या भागात होता. चादर डोक्याकडे ओढली की पाय उघडे पडतात, तसं शेवटचं पान उघडं पडत होतं. त्याला कुलूपच लागत नव्हतं. तिच्या चाचण्या सगळ्या पानाच्या कडेपासूनच सुरू होत असल्यामुळे कुठे काही अडलं नव्हतं.

सोमवारी माझ्या नावाच्या भरवशावर तो बदल पुढे, मुख्य कोडमध्ये जाणार होता. झाकली मूठ सव्वा लाखाची. महिन्याभराने आपणच गुपचूप दुरुस्ती पाठवावी, असा विचार मनात आला. नुसता आला नाही, मी ती दुरुस्ती लिहायलाही घेतली होती. मग ती पुसली आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी लिहिलं, की पूर्ण कोड न वाचता मी नाव दिलं, ते परत घेते, चूक ही अशी आहे आणि ती माझ्या नजरेतून सुटली. पाठवताना त्या मुलीच्या घरचे डोळ्यांसमोर येत होते.

संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न.

"आज एकही नाई," मी म्हणाले. "त्या दिवसची बंडी परत बोलावली. हात घातलाच नव्हता, बाबा. तुमाले खोटं सांगतलं."

आता बोलणी बसणार म्हणून मी खिडकीकडे पाहत राहिले. बाबांनी कप खाली ठेवला. उजव्या हाताची बाही उगाच वरखाली केली.

"मीबी एक केलती तशी पास," ते म्हणाले. "दिवाळीनंतरची गर्दी. हात सोलून निघालता. वरूनच पाह्यलं अन् चिठ्ठी देल्ली."

"मंग?"

"मंग काय. गंजीवर रिकामी झाली. काही दिवसांनं ते गंजी आतून तापली, धूर निघाला. त्याच बंडीनं का दुसरीनं, कोनाले मालूम. मी कोनाले सांगतलं नाई. तुह्या मायलेबी नाई."

लहानपणापासून मी ज्यांच्या हाताची गोष्ट चारचौघांत सांगत आले, ते बाबा हेच. मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. मी बिस्किटांची ताटली त्यांच्याकडे सरकवली. त्यांनी घेतलं नाही.

"तुह्यी परत येते?" त्यांनी विचारलं.

"येते. अजून गंजीवर गेली नाई."

"बरं हाय."

मी कप उचलून आत गेले, विसळले, ओटा पुसला. बाहेर आले तेव्हा ते तसेच बसले होते, बाही कोपरापर्यंत वर.

"खरंच परत येते काय वं?" त्यांनी पुन्हा विचारलं.