सोजरबाईंचा झाकलेला पिंजरा

काळेवाडीत आमच्या शेजारच्या खोलीत सोजरबाई राहायच्या. नवरा वारलेला, त्या एका कंपनीच्या आवारातलं गवत कापायच्या. १९७६ साली त्यांच्या दारात तारेचा पिंजरा आला. वर जुन्या लुगड्याचं फडकं, कायम झाकलेलं. आत काय, असं विचारलं की म्हणायच्या, "तित्तर हाय. गवतात व्हता, माझा विळा लागला पंखाला."

तित्तर पाळणारे वस्तीत होतेच. पण त्यांचे तित्तर सकाळी गल्ली डोक्यावर घ्यायचे. हा गप्पच. समोरच्या रुक्मिणीबाईंना तिथंच शंका आली. एकदा वाऱ्यानं फडकं हललं आणि त्यांना नुसता पाय दिसला.

"वहिनी, पायाला मागं काटा हाय. मोरालाच असतो तसला," त्या मला म्हणाल्या. "पिल्लू धरून आणलंय बाईनं. वाढवंल अन् शिजवंल."

मोराच्या पिल्लाला इतक्यात काटा येतो कुठला? पण बातमी घरमालक हिंदुरावांपर्यंत गेलीच.

"मोर म्हणजे जेल," ते म्हणाले. "फॉरेस्टवाले यायच्या आत खोली रिकामी करा, बाई."

सोजरबाईंना दुसरी खोली मिळणार कुठे? मी शाळेत शास्त्र शिकवायचे, म्हणून त्या मला बोलवायला आल्या. फडकं का काढत नाही, मी विचारलं. शंका मलाही होतीच.

"परकं माणूस दिसलं की डोकं आपटून घेतो."

मी हिंदुरावांसमोरच कोपरा उचलला. राखाडी अंग, बारीक पट्टे, आखूड शेपूट. तित्तरच. मी सांगितलं, मोर आणि तित्तर दोघंही कोंबडीच्या कुळातले. नराच्या पायाचा काटा घराण्यातूनच आलेला, आपल्या कोंबड्यालाही असतो. कायद्यात मात्र दोघांत अंतर. मोर राष्ट्रीय पक्षी, सगळ्यात कडक यादीत. तित्तर माळावर भरपूर, म्हणून खालच्या यादीत.

"शेजारधर्म चांगला पाळता, वहिनी," हिंदुराव हसले. त्यांना पटलं नव्हतं.

"मग सोडून देऊ या," मी म्हटलं.

"उडंल कसा? अन् सोडला तर म्हणतील मोरच व्हता, पुरावा पळवला," सोजरबाई म्हणाल्या.

हिंदुरावांनी तोड काढली. फडकं काढायचं, पिंजरा रोज संध्याकाळी दारात, सगळ्यांना दिसेल असा. मग खोली राहील.

पहिल्याच संध्याकाळी तित्तरानं तारेवर डोकं रक्ताळून घेतलं. तेव्हापासून सोजरबाई कामावरून आल्या की गल्लीकडे पाठ करून, पदर पसरून पिंजऱ्यापुढे बसायच्या. तो शांत दाणे टिपायचा.

नळावर रुक्मिणीबाईंनी मला कोपरानं ढोसलं. "बघितलं? आता आडवी बसती. काई तरी हाय बगा, वहिनी."