बापाचा रकाना

कतारमध्ये दोह्यात, अल हिलाल भागात, आमच्या शेजारच्या घरात साठीच्या एक इंग्रज शिक्षिका एकट्या राहायच्या. मी त्यांना 'बाई' म्हणायचे. जूनमध्ये त्या कायमच्या मायदेशी निघणार होत्या. त्याआधी त्यांना एकच गोष्ट कळायला हवी होती : आपल्या आजोबांचा बाप कोण. घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.

त्यांचं गाव आठवडी बाजाराचं, लहानसं. तिथल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या चर्चची जुनी दफ्तरं कुणा हौशी मंडळींनी फोटो काढून इंटरनेटवर टाकली होती. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय! पण मी तलाठ्याची मुलगी, मला असल्या अक्षराचं काय कौतुक? मी नोंदी लॅपटॉपवर उतरवून द्यायचं कबूल केलं. दुपारी आखाती करक चहाचे कप घेऊन बाई यायच्या आणि "यल्ला, चल!" म्हणून मला कामाला जुंपायच्या.

एके दिवशी माझी यादी तपासताना त्या ओरडल्याच. आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद सापडली होती, आणि बापाच्या रकान्यात नाव होतं! त्यांनी मला मिठी मारली. मग मूळ फोटो उघडला. त्यात बापाची जागा कोरी.

"हे नाव तू कुठून आणलंस?"

"मुलाच्या नावापुढे लिहिलंय की. मधलं नाव."

आपल्याकडे मधलं नाव बापाचंच. मी सवयीनं उचलून रकान्यात टाकलं होतं. त्यांच्याकडे तिथं काहीही असतं म्हणे, मावशीचंसुद्धा. बाईंचा चेहरा पडला. मला स्वतःचा असा संताप आला! पुसायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. हे आडनाव आहे. आमच्या घरातलं नाही."

शेजारच्या खेड्याच्या यादीत ते आडनाव मीच टाइप केलं होतं. एकच घर, पिठाच्या गिरणीवाल्याचं. त्याला एक अविवाहित मुलगा होता. आणि आजोबांच्या आईच्या नावापुढे पाद्र्यानं लिहिलं होतं : मोलकरीण, गिरणीवर.

चर्चनं जागा कोरी ठेवली, पण त्या पोरीनं बापाला लेकराच्या नावातच बसवलं होतं. मला तिचं फार कौतुक वाटलं.

आजोबांनी मात्र ते मधलं नाव जन्मभर कुठंच लावलं नव्हतं, सहीतसुद्धा. बाईंनी माझं पेन घेतलं. आजोबांचं नाव, मग ते नाव, मग आडनाव, असं सावकाश लिहून कागद माझ्यापुढे सरकवला.

"तुमच्याकडे असंच लिहितात ना?"

मी मान डोलावली.