काकतीला पाठवलेली आत्या

माझी आत्या सिनेमात काम करायची, हे मला घरातल्या कुणी सांगितलं नाही. बेळगावातल्या वडगावच्या शाळेत चौथीत असताना एका मुलीने सांगितलं, तेही भांडताना. घरी येऊन आईला विचारलं, तर तिने माझ्या हातात कळशी दिली आणि नळावर पाठवलं. म्हणजे खरं असणार, एवढं मला कळलं.

तोवर आत्या म्हणजे मागच्या खोलीत बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरणारी, उंच, कमी बोलणारी बाई. साड्यांचे दोन यंत्रमाग घरातच होते. त्यांच्या खडखडाटात आम्ही सगळे ओरडून बोलायचो. ती मात्र आवाज न चढवता बोलायची, आणि तरी तिचा शब्द न् शब्द ऐकू यायचा.

पुढे तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. सोळाव्या वर्षी ती कोल्हापूरला गेली. तेव्हा काळ्यापांढऱ्या सिनेमांचा जमाना होता. आधी गर्दीत उभी राहिली, मग नायिकेची बहीण झाली, मग दोन सिनेमांत नायिका. तिशीच्या आसपास ती परत आली ती आलीच. आजी अंथरुणाला खिळली म्हणून आली, असं घरात सांगत. तिचं लग्न झालं नाही. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बहिणीला खोली दिली, दोन वेळचं दिलं, पण कुठल्या कार्याला बरोबर नेलं नाही. तिचा एक फोटोसुद्धा आमच्या भिंतीवर नव्हता.

मी शिक्षिका झाले आणि खानापूरजवळच्या गुंजीचं स्थळ आलं. घरची भातशेती, मुलगा बेळगावात नोकरीला. मध्यस्थ आप्पांना म्हणाला, "सगळं चांगलं हाय. पण तुमच्या त्या सिनेमातल्या भैनीचं त्यांच्या कानावर घातलं न्हाय मी."

आप्पांनी चहाची बशी त्याच्यापुढे सरकवली. तिला जा असं ते कधी म्हणाले नसते. मागच्या खोलीत गेले ती मी.

"आत्या, थोडे दिवस काकतीला जाशील? चुलत आजीकडं?"

"किती दिवस?"

"लग्न होईपर्यंत."

तिने हातातली कांडी पुरी भरली. मग म्हणाली, "बरं. साडी कुठल्या रंगाची ठरली गं?"

"डाळिंबी."

"शोभंल तुला," ती म्हणाली आणि ट्रंक ओढून कपडे काढायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने गेली. तिला स्टँडवर सोडायलाही मी गेले नाही. हळद दळायची होती.

लग्नानंतर पाच वर्षं गेली. ती वडगावला परत आली होती, पण माझ्या सासरचं कुणी आलं की मागच्या खोलीचं दार लावून घ्यायची. मग एका मे महिन्यात, दुपारी, गुंजीच्या घरी टीव्हीवर जुना सिनेमा लागला. मी तांदूळ निवडत होते. सासूबाई एकदम ओरडल्या, "अगं ही बघ! ही! खानापुरात सिनेमाचा तंबू आलता तवा तीनदा बघितलंय मी हिला. रुळाच्या कडंनं चालत गेलतो आम्ही पोरी. घरात मार खाल्ला, पर गेलतो."

पडद्यावर आत्या विहिरीवर उभी राहून हसत होती. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"ती माझी आत्या आहे," मी म्हणाले.

त्यांना आधी चेष्टा वाटली. मग खरं पटल्यावर म्हणाल्या, "मग लग्नात कशा दिसल्या न्हाईत?"

"ताप होता तिला," मी म्हणाले. किती सहज म्हणाले.

रविवारी सासूबाई पोत्यात फणस घालून माझ्याबरोबर वडगावला आल्या. माग बंद होते. आत्या बाहेर आली तशा त्या वाकून तिच्या पाया पडल्या. बोलता बोलता म्हणाल्या, "लग्नात तुमास्नी ताप आलता म्हणं."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"व्हय. लई ताप होता. उठवतच नव्हतं," ती म्हणाली, आणि फणस कुणी फोडायचा ते विचारायला लागली.

निघताना मी तिच्या खोलीत गेले. "आत्या, माझं चुकलं."

"आता कशाला ते? त्या बाईंच्या समोर बोलू नकोस. त्यांना वाईट वाटंल."

मी माफी मागायला गेले होते, आणि ती सासूबाईंचा विचार करत होती.

त्यानंतर सासूबाई महिना-दोन महिन्यांनी रेल्वेने बेळगावला जायच्या, एकट्या. दोघी तासन्तास बोलत बसायच्या. मला शाळा होती, मुलं होती, पेपर तपासायचे होते. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ, म्हणायचे. गेले तरी तासाभरात निघायचे. आत्या गेल्या वर्षी गेली. सिनेमातलं कुणी आलं नाही, येण्यासारखं कुणी उरलंही नसेल. सासूबाई माझ्यापेक्षा जास्त रडल्या.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांनीच मला सांगितलं. आत्या आजीच्या आजारपणासाठी आली नव्हती. तिला एका सिनेमात आईचं काम दिलं होतं, आणि मुलाचं काम करणारा कोण, तर दोनच वर्षांपूर्वी जो तिचा सिनेमातला नवरा होता तोच. ती स्टुडिओतून कपडे न बदलता तशीच उठली, खोलीवर आली, आणि बेळगावची गाडी धरली. आजी आजारी पडली ती नंतर.

चोवीस वर्षं मी त्या घरात तिच्याबरोबर राहिले. कधी विचारलं नाही.

आता आत्याबद्दल लिहून घ्यायला मी वही घेऊन सासूबाईंजवळ बसते. त्यांचं वय झालंय, गोष्टी एकमेकींत मिसळतात. परवा म्हणाल्या, आत्याला एका शिंप्याच्या मुलाने मागणी घातली होती आणि ती नाही म्हणाली.

"हे सिनेमातलं, की खरं?" मी विचारलं.

"त्यांनीच सांगितलंय की," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "का सिनेमात बघितलं व्हतं मी?"

आप्पा नाहीत, आई नाही. मी वहीत ते लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं. वहीत अशी प्रश्नचिन्हं बरीच झाली आहेत.