बटाट्याचं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, वॉर्डात निम्मं आयुष्य जिच्याबरोबर काढलं त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि जे ओळखतात त्यांना माझ्याबद्दल जे वाटतं — ते आता मला सोसवत नाही.

मी नर्स आहे. पांढुर्ण्यात घर, इथल्याच एका दवाखान्यात नोकरी. पेशंट घरी निघाला की नातेवाइकांना पथ्य समजावून सांगायचं काम बहुतेक माझ्याकडे येतं. शुगरवाल्यानं भात किती खायचा, बीपीवाल्यानं लोणचं-पापड का सोडायचे, किडनीवाल्यानं दिवसभरात किती पाणी प्यायचं. आमच्याकडे लोक पथ्याला परहेज म्हणतात. कुणी कुरकुर केली की डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवतात, ‘सिस्टरला विचारा, त्यांनी स्वतःच्या सासूला शेवटपर्यंत परहेजावर ठेवलं होतं.’ मी खाली बघते. लोकांना वाटतं, किती विनयशील बाई!

सासूला घरातले सगळे माय म्हणायचे, मीही. तोंडावर मी तिला ‘तुम्ही’ म्हणत असे. मनात मात्र कायम ‘ती’. इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून ‘ती’च लिहिते.

पण आधी पंचवीस वर्षं मागं जायला हवं. हे सांगितलं की तुम्ही माझी बाजू घ्याल अशी भीती वाटते — घेऊ नका. तरी सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी आई लवकर गेली. म्हणून माझं बाळंतपण सासरीच झालं, तिगावला, भर मे महिन्यात. मायच्या हिशेबानं बाळंतिणीला बारा दिवस साधं पाणी द्यायचं नाही. पाण्यानं पोट सुटतं, वात भरतो, लेकराला सर्दी होते. सकाळी एक फुलपात्र ओव्याचं उकळलेलं पाणी, संध्याकाळी एक. बस. बाहेर ऊन असं की छपरावरचे कवेलू तडकावेत, आणि खोलीत शेगडी. मी तेव्हा नुकती नोकरीला लागलेली. वॉर्डातल्या प्रत्येक बाळंतिणीला सांगायची — भरपूर पाणी प्या, दूध कसं येईल नाहीतर? आणि स्वतःच्या घरात तोंड उघडायची हिंमत नाही! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पाषाण कसली, जीभ टाळूला चिकटलेली. पोरगी रडून रडून निळी व्हायची, दूध उतरायचं नाही.

पाचव्या की सहाव्या दिवशी मी न्हाणीतल्या बादलीतलं पाणी ओंजळीनं प्यायले. हात-पाय धुवायचं पाणी. मायनं पाहिलं. रागावली नाही — हसली. ओसरीवर शेजारच्या बाया बसल्या होत्या, त्यांना हाक मारून म्हणाली, ‘‘पाहा वो बाई, आमची नर्सबाई न्हानीतलं पानी पेऊन राहिली! येवढी शिकली, पन परेज काई समजलं नाई इले.’’ बाया हसल्या. माय बादली उचलून बाहेर घेऊन गेली.

एवढंच. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. उलट डिंकाचे लाडू तिनंच वळले होते, तूप तिनंच कढवलं होतं, पोरीला तेल लावून शेकणारे हातही तिचेच. तिच्या सासूनं तिला असंच ठेवलं होतं. तिला वाटलं, आपण सुनेचं भलं करतोय. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते हसणं — ते मी गिळलं नाही. गालात धरून ठेवलं. तिनं एकदा तरी म्हणावं, चुकलं माझं — एवढंच मला हवं होतं. ती कशाला म्हणेल? तिच्या तर लक्षातही नव्हतं.

वर्षं गेली. सासरे वारले, माय आमच्याकडे पांढुर्ण्याला राहायला आली. आमचं दोघींचं वरून बरं चालायचं. शेजारीण चेष्टेनं म्हणायची, चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. मी हसायची. माझे चार दिवस यायचे होते.

चार वर्षांपूर्वी मायच्या पायावर सूज आली. नागपूरला दाखवलं. दोन्ही किडन्या थकलेल्या, हृदयही कमजोर. डायलिसिसला ती नाही म्हणाली, डॉक्टरांनीही फार आग्रह केला नाही. त्यांनी पथ्य लिहून दिलं आणि मी ते स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं. मीठ जेमतेम. संत्रं, केळं, नारळपाणी बंद. दिवसाचं सगळं पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून भरायचं. चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट — सगळं त्यातूनच वजा.

आणि भाज्या. भाजीत, विशेषतः बटाट्यात, पोटॅशियम असतं. थकलेल्या किडनीला ते बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदयाला धोका होतो. म्हणून बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात निदान दोन-तीन तास भिजत घालायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात उकळायचा, तेही फेकायचं. चव त्या पाण्याबरोबरच जाते. माय तो चोथा मुकाट्यानं खायची आणि आल्यागेल्याला सांगायची, ‘‘माही सून हाये म्हनून जित्ती हावो मी. नाई तं कवाच गेली असती.’’

इथवर माझं काही चुकलं नव्हतं. सुटका करून घ्यायला सांगत नाहीये. कुठून चुकलं ते नीट दिसावं म्हणून.

त्याच वर्षी श्रावणात पुन्हा नागपूरला गेलो. तपासणी झाल्यावर अशोक, म्हणजे माझे यजमान, मायला व्हीलचेअरवरून गाडीकडे घेऊन गेले. केबिनमध्ये मी एकटी. डॉक्टर म्हणाले, ‘‘सिस्टर, आता थोडेच दिवस आहेत, तुम्हाला सांगायला नको. आता पथ्याचा जाच नको. तोंडाला बरं वाटेल ते द्या, थोडं थोडं. आणि तहान मारू नका. मागतील तेव्हा घोट घोट पाणी द्या. दम लागलाच तर फोन करा, त्यावर औषध आहे.’’ हे सगळं त्यांनी कागदावर इंग्रजीत लिहून फायलीत लावलं.

तहान हा शब्द त्यांनी उच्चारला आणि मला ती बादली दिसली. खरंच दिसली, कडी वाकलेली, पत्र्याची.

जिना उतरताना मी फायलीतून तो कागद काढला. चार घड्या केल्या, पर्समध्ये टाकला. अशोक सौसरच्या शाळेत बाबू आहेत, त्यांना इंग्रजी वाचता येतं. फायलीत राहिला असता तर त्यांनी वाचला असता.

गाडीत बसता बसता मायनं विचारलं, ‘‘काय म्हने डाक्टर? पानी वाढवलं का वो?’’

मी म्हणाले, ‘‘नाई माय. परेज तेच हाये.’’

ठरवून केलं का? — हो, ठरवून. जिना दोन मजल्यांचा होता. कागद परत लावायला वेळ भरपूर होता. घरी पोचेपर्यंतही होता. त्यानंतरच्या प्रत्येक सकाळी बाटली भरताना होता. मी बाटलीवरच्या खुणेपर्यंतच पाणी भरलं, रोज.

मग पोळा आला. मोहगावची नणंद दोन लेकरांना घेऊन सणाला आलेली. दुसऱ्या दिवशी गोटमार, आमच्याकडची दरवर्षीची रीतीची दगडफेक. जाम नदीच्या पलीकडून सावरगावचे आणि अलीकडून आमचे, दगड खाऊन येणाऱ्यांची दवाखान्यात रीघ. दिवसभर मी फुटलेली डोकी धुतली. संध्याकाळी घरी आले ती मागच्या दारानं, सरळ स्वयंपाकघरात.

ओट्यापाशी माय उभी होती. एका हातानं ओट्याची कड धरलेली, दुसऱ्या हातात गंज. सकाळी मी बटाटे भिजत घातले होते तेच पातेलं, तोच गंज. ती ते पाणी पीत होती. गढूळ, बटाट्याच्या फोडी तरंगत असलेलं. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर ओघळत होतं आणि डोळे मिटलेले. असं सुख मी तिच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

मी काय करायला हवं होतं? गंज हातातून घेऊन माठातलं स्वच्छ पाणी द्यायला हवं होतं. कागद पर्समध्ये होता, पर्स खांद्यावर होती. घरातलं सगळ्यात वाईट पाणी तिनं निवडलं होतं — कारण चांगलं मी मोजून ठेवलं होतं.

मी अशोकना हाक मारली. मोठ्यानं, बाहेरच्या खोलीत नणंदेला आणि लेकरांना ऐकू जाईल अशी.

अशोक आईशी कधी चढ्या आवाजात बोललेले नाहीत. त्या दिवशी बोलले. ‘‘माय, काहून करून राहिली असं? ते दिवसभर दवाखान्यात मरते, घरी येऊन तुह्यासाठी वेगळं रांधते, अन् तू चोरून पानी पेते? तेही हे, जहरासारखं? लेकरं पाहून राहिले ना वो!’’ लेकरं दारात उभी होती. त्यातलं धाकटं हसलं.

मायनं गंज ओट्यावर ठेवला. पदरानं तोंड पुसलं. अशोककडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

‘‘चुकलं बाई माह्यं,’’ ती म्हणाली. ‘‘तू येवढी करून राहिली, अन् मी अशी. आता नाई मांगत.’’

ज्या शब्दाची मी इतकी वर्षं वाट पाहिली तो असा मिळाला. मला बरं वाटलं का? खरं सांगते — वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. ते क्षणभराचं बरं वाटणं मला आजही झोपू देत नाही. त्यानंतर पाणी वाढवता आलं असतं. मी वाढवलं नाही. का? कारण मग कागद दाखवावा लागला असता.

तिनं शब्द पाळला. त्यानंतर एकदाही पाणी मागितलं नाही. मी समोर गेले की कोरड्या ओठांनी हसायची आणि बाटलीकडे न बघता विचारायची, ‘‘जेवली का तू?’’

अकराव्या दिवशी ती गेली. सकाळपासून शुद्ध नव्हती. रीतीप्रमाणे सगळ्यांनी तुळशीच्या पानानं तोंडात पाणी घातलं — अशोक, नणंद, शेजारी, मग मी. पाणी आत गेलं नाही. गालावरून उशीवर उतरलं. उशी भिजली, इतकं पाणी त्या दिवशी सगळ्यांनी मिळून घातलं.

तेरवीला नणंद माझ्या गळ्यात पडून रडली. ‘‘वयनी, पोटच्या पोरीनं नसतं केलं इतकं तुमी केलं.’’ मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हापासून हेच चाललंय. गावात कुणाची सासू आजारी पडली की त्या सुनेला माझं उदाहरण देतात.

पाणी दिलं असतं तर दम लागला असता, ती आणखी आधी गेली असती — असं मी मनाला पुष्कळ सांगून पाहिलं. डॉक्टरांना हे ठाऊक नव्हतं का? दम लागला तर काय करायचं तेही त्यांनी सांगितलं होतं. आणि तिनं मला तसंच ठेवलं होतं म्हणावं, तर तिनं अज्ञानानं केलं. मला सगळं माहीत होतं. आमच्या दोघींत शिकलेली मी होते.

मायच्या पांढऱ्या लुगड्याच्या घडीत, माझ्या कपाटात, तो कागद चार वर्षं होता. आज सकाळी काढला. घड्यांवर फाटायला आलाय, पण अक्षर स्पष्ट आहे. फाइल शोधली आणि कागद त्याच्या जागी परत लावला. खाली मराठीत लिहिलं, म्हणजे वाचताना नजरेतून सुटायला नको: मागतील तेव्हा पाणी द्यावे. त्याखाली तारीख, आणि माझी सही.

फाइल कपाटात ठेवलेली नाही. जेवायच्या टेबलावर ठेवली आहे, शेजारी पाण्याचा तांब्या. अशोक सौसरहून सहाच्या बसनं येतात. आल्या आल्या आधी पाणी पितात, मग समोर असेल ते वाचायला घेतात.